तामचिनीच्या थाळीवरची हिरवी भुकटी

मित्रांनो, मी एक जुनी तामचिनीची थाळी आहे. लोखंडी पत्रा, त्यावर पांढरा मुलामा आणि कडेला निळी रेघ, एवढंच माझं रूप. मला कोणी ठोकलं, कोणत्या भट्टीत भाजलं, ते आठवत नाही. आठवतं ते चांदवडच्या बाजारातून वत्सलाबाईंनी मला पदराखाली झाकून घरी आणलं तिथपासूनचं.

त्यांचं गाव चांदवडच्या पूर्वेला. इगतपुरीला धो धो कोसळत असतं तेव्हा इथे नुसता वारा सुटतो. एक विहीर, ठिबकच्या नळ्या आणि त्यावर दोन एकर द्राक्षबाग. वत्सलाबाईंना कीर्तनाचा मोठा नाद. मारुतीच्या देवळात बुवा उभे राहिले की या पुढच्या रांगेत, आणि साखरफुटाण्यांनी भरलेली मी त्यांच्या मांडीवर. पूर्वरंगात बुवा काय समजावतात आणि उत्तररंगात कोणतं आख्यान लावतात, हे मी बारा वर्षं ऐकलं. मला त्यातलं किती कळलं, ते त्या मारुतीलाच ठाऊक.

मग एकदा मी ओट्यावर आदळले. टवका उडाला, आतला काळा पत्रा दिसू लागला. फुटक्या भांड्यात देवाचं वाढत नाहीत. माझी रवानगी फळीवर झाली आणि माझ्यात खिळे नि सुतळी येऊन पडली. तक्रार नाही. झालं ते सांगते.

१९९६ साली वत्सलाबाईंची लेक मोहिनी नाशिकला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकायला गेली. सुटीत आली ती एक खूळ घेऊनच. रानातली भूछत्रं शोधायची, ओळखायची आणि वहीत लिहायची.

"या माळावर कुसळ धड उगवत नाही आणि तू छत्र्या शोधणार?" वत्सलाबाई म्हणाल्या.

"कमी उगवतात म्हणून तर शोधायच्या, आई."

शेणखताच्या ढिगावर, बाभळीच्या बुंध्याशी, ठिबकच्या नळीखाली ती वाकून वाकून बघायची. वारुळावर तिला एक लांबुळकी छत्री मिळाली, ती कधी उघडतच नाही. फोडली तर आत काळी भुकटी. तीन वर्षांत वहीत अकरा नावं झाली. माझ्यातले खिळे तिने ओतून दिले आणि मला नवं काम लावलं. छत्रीचा देठ कापायचा, टोपी माझ्यावर पालथी ठेवायची आणि वर वाटी झाकायची. काही तासांनी वाटी उचलली की खाली बारीक भुकटी सांडलेली असायची. रंगीत असली तर माझ्या मुलाम्यावर दिसायची, पांढरी असली तर टवक्याच्या काळ्यावर. त्या रंगावरून पुष्कळशी ओळख पटते.

१९९९च्या आश्विनात द्राक्षांच्या छाटणीला सुरगाण्याकडची मजुरांची टोळी आली. त्यांच्यातली जाणती होती भागीबाई, साठीला टेकलेली. डोंगरात वारुळावर उगवणारी अळंबी ती लहानपणापासून खात आलेली. ती "हीच हाय, खा" म्हणाली की टोळी जेवायची, कोणी दुसरा प्रश्न विचारायचं नाही.

चार दिवस परतीचा पाऊस पडला. पाचव्या दिवशी सकाळी भागीबाई बांधाकडून आली ती पाटी भरून पांढऱ्या छत्र्या घेऊन. नांगराने सपाट केलेल्या जुन्या वारुळावर त्या उगवल्या होत्या.

"आज कालवणाला चव येल," टोळीतली शकुबाई म्हणाली. तिची दीड वर्षाची मुलगी तिच्या काखेत होती.

मोहिनीने एक छत्री हातात घेतली. देठावर कडं होतं, टोपीवर तपकिरी खपल्या.

"मावशी, ही संध्याकाळपर्यंत शिजवू नका. मला जरा शंका आहे."

"वारुळावरची हाय. तुझ्या वयाहून जास्त पावसाळं मी हीच खाल्लीय."

"मग आज भाकरीसंगं काय लावायचं? ताईचं पुस्तक?" शकुबाई म्हणाली. बायका हसल्या.

वत्सलाबाई ओसरीवरून बोलल्या, "भागीबाई, नैवेद्य दाखवताना आपण थांबतोच ना घटकाभर? तसं समज."

देवाचं नाव आल्यावर भागीबाईने पाटी खाली ठेवली आणि मोहिनीने मला पुढे केलं. सगळ्यांत जास्त उघडलेली टोपी तिने स्वतः माझ्यावर ठेवली आणि कात्री घेऊन बागेत गेली.

दिवसभर तो भार मी सोसला. मित्रांनो, थाळीला वर काय आहे ते चाखता येत नाही. पडेल ते धरून ठेवायचं, एवढंच तिच्या हाती असतं.

दिवे लागायच्या आधी मोहिनीने वाटी उचलली. माझ्या पांढऱ्या मुलाम्यावर हिरवी भुकटी पडली होती, वाळलेल्या शेवाळासारखी.

"वारुळाची असती तर फिकट गुलाबी पडली असती," मोहिनी हळूच म्हणाली. "ही विषारी आहे, मावशी. उलट्या-जुलाबांनी माणूस लोळतो. लेकरांना तर जिवावर बेतते."

भागीबाईने वाकून तो रंग नीट पाहिला. मग म्हणाली, "पहार दे."

दोघी बांधावर गेल्या. मला मोहिनीने हातातच धरलं होतं. कापलेल्या देठाचा बुडखा भागीबाईने पहारीने खणला. तो बोटभर खोलीवर संपला. खऱ्या अळंबीला असतं तसं खाली वारुळाकडे जाणारं लांब मूळ नव्हतंच.

"आमच्याकडं माती मऊ," ती म्हणाली. "हात घातला की मुळासकट येतं, मूळ बघूनच पाटीत टाकतो. हितं माती दगडावानी, म्हणून इळ्यानं कापलं. मूळ बघितलंच नाय."

"कोणाला सांगू नका, मावशी. मी म्हणेन छत्र्या नासल्या होत्या."

"का गं? उद्या शकी तिच्या मनानं तोडंल आणि पोरीला घालंल. मग?"

तिने मला मोहिनीच्या हातातून घेतलं आणि टोळीच्या एकेका चुलीपुढे नेलं. "हे बघा. वारूळ बघून मी फसले. हितं पहारीनं खणल्याशिवाय कुणी तोडायची नाय." शकुबाई पुढे आली. तिने हिरवा रंग पाहिला, काखेतली पोर या काखेतून त्या काखेत घेतली आणि चुलीवर डाळीचं पातेलं चढवलं. पाटीभर छत्र्या भागीबाईने खड्ड्यात पुरल्या.

आता मोहिनी वणीजवळच्या शाळेत शिकवते आणि मी तिच्या कपाटात असते. मुलामा जागोजागी उडालाय. अधूनमधून कोणी मला पुसलं तर बरं वाटतं.

तर मित्रांनो, माझ्यावर हिरवं पडलं म्हणजे टाकून द्या, हे सोपं आहे. पण दुसरा रंग पडला म्हणजे खाऊन बघा, असं मी कधीच म्हटलेलं नाही. त्या मातीतल्या जाणत्याला विचारा. आणि उद्या तुम्ही स्वतः जाणते झालात, लोक तुमच्या शब्दावर जेवायला बसू लागले, की ज्या दिवशी चुकाल त्या दिवशी चुली विझायच्या आत जाऊन सांगा.