वेनिंगचा उजवा खांदा

व्हॉलीबॉलच्या सामन्याआधी वेनिंगची वेणी मी घालायची, घट्ट. मी तिची बुलिक, म्हणजे धाकटी मावशी. पोरगी उडी मारून असा चेंडू हाणायची की जाळीपलीकडच्या मुली डोळेच मिटून घ्यायच्या. सुराबाया शहरातल्या क्लबाने तिला निवड चाचणीला बोलावलं होतं.

फक्त उजवा खांदा अधूनमधून निखळायचा. निखळला की तिची आई, माझी थोरली बहीण पार्तिनी, तिला हाडं बसवणाऱ्या सारिमन आजोबांकडे न्यायची. ते तेल चोळत, एक हिसका देत, आणि रविवारी पोरगी पुन्हा मैदानात. सगळं गाव टाळ्या वाजवायचं. मीसुद्धा.

यंदा खांदा झोपेत कूस बदलताना निखळला, तेव्हा कुठे आम्ही शहरातल्या डॉक्टरांकडे गेलो.

"खोबणीची मऊ कड फाटलीय," ते म्हणाले. "एक तर दुर्बिणीतून ती टाक्यांनी शिवायची. हात जवळजवळ पहिल्यासारखा मागे जातो, पण तरुण खेळाडूंचा खांदा पुन्हा निखळायची भीती जास्त. नाहीतर शेजारच्या हाडाचा तुकडा खोबणीला स्क्रूने जोडायचा. मग सहसा निखळत नाही, पण हात मागे थोडा कमी जातो."

"टाके!" वेनिंग म्हणाली. "हात मागे गेला नाही तर फटका कसला मारू?"

"आधी किती वेळा निखळलाय?"

"कोण मोजतंय, डॉक्टरसाहेब!" पार्तिनी ताठ बसली. "पण हल्ली आजोबांना जोरसुद्धा लागत नाही. नुसता हात लावला की आत. पोरगी हूं की चूं करत नाही."

डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. "जोर लागेल कसा? दर वेळी खोबणीचं हाड झिजत गेलंय. टाके घातले तरी टिकायचे नाहीत."

पार्तिनीचा चेहरा उतरला. वेनिंगनेच तिचा हात धरला. "रडू नकोस गं आई. हाड माझंच लावणार आहेत, बकरीचं नाही."

शस्त्रक्रिया छान झाली, असं सगळे म्हणतात. खांदा पुन्हा निखळला नाही. चाचणीची तारीख येऊन गेली, घरात कुणी तिचं नाव काढलं नाही.

परवा वेनिंग माझ्यापुढे येऊन बसली. डोक्यामागे नेलेला हात वाटेतच थांबला होता, केस अर्धेच विंचरलेले. मैदानावरून चेंडूचे आवाज येत होते.

"सैल घाल, बुलिक. आता उड्या कुठे मारायच्यात?"

"मला सैल घालता येत नाही. गप बस," मी म्हणाले, आणि घट्टच घातली.