भीतीची गोळी आणि मी

मी एक जुना खलबत्ता आहे, मित्रांनो, आणि मला स्वस्थ बसवत नाही. खल म्हणजे मी आणि बत्ता म्हणजेही मीच. तुकडे दोन, नाव एक. त्या नावातच 'खल', म्हणजे दुष्ट, असल्यामुळे माझ्याविषयी चार शब्द चांगले बोलावेत असं सहसा कुणाला वाटत नाही. पण वाजल्याशिवाय माझं काम होत नाही आणि काम नसलं की माझा जीव कासावीस होतो. आज मला माझी आणि रुद्राणीची गोष्ट सांगायची आहे.

मी बिडाचा. भट्टीत वितळवून साच्यात ओतला, कडा घासल्या आणि सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत मांडून ठेवला. काशम्मा तेव्हा नवी सून होती. तिने मला टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाली, "ह्योच पायजे." त्या दिवसापासून मी तिच्या स्वयंपाकघरात आहे.

माझं मुख्य काम शेंगांची चटणी. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ. मिक्सरमध्ये त्यांचा नुसता भुगा होतो. माझ्या पोटात मात्र ते इतके कुटले जातात की तेल सुटतं आणि चटणी बोटाला चिकटते. काशम्माचे हात थकले, तेव्हा बत्ता तिच्या सुनेकडे, वैजयंतीकडे आला. वैजयंती कुटायला बसली की तिची लेक रुद्राणी तिच्या मांडीला रेलून बसायची आणि प्रत्येक ठोक्याला मान हलवायची. चटणीचा पहिला घास तिचाच असायचा. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एका दुपारी वैजयंती रुद्राणीला शाळेतून स्कूटीवर घेऊन येत होती आणि उसाच्या ट्रॉलीने त्यांना मागून धडक दिली. वैजयंती जागीच गेली. रुद्राणीच्या फक्त कोपराला खरचटलं. ट्रॉलीच्या लोखंडाचा तो आवाज मात्र पोरीच्या कानात बसला, आणि तो कुणाला दिसला नाही.

घरात माणसांची रीघ लागली. रुद्राणी भिंतीला टेकून बसून होती. रडली नाही, काही विचारलं नाही. शेजारच्या मुक्ताबाई म्हणाल्या, "लई शहाणी पोर हाय की. एक टिपूस काढलं न्हाय." मग जो तो तेच म्हणू लागला. काशम्मा तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, "माजी शहाणी रुद्रव्वा." तिने विचारलं तर सांगायचं ठरलं होतं, आई देवाकडं गेली. रुद्राणीने विचारलंच नाही.

काही दिवसांनी काशम्माने चटणीसाठी मला पुढे ओढलं. पहिलाच ठोका पडला, ठण्ण. रुद्राणी कानांवर हात दाबून पलंगाखाली शिरली. काशम्मा घाबरली. तिने मला पोत्यात गुंडाळलं आणि ओट्याखाली कोपऱ्यात ढकललं. मित्रांनो, तो राग मला अजून आहे. आवाज माझा होता, भीती दुसऱ्याच लोखंडाची होती.

पोत्यात काही दिसत नसलं तरी ऐकू सगळं यायचं. दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासणारी तिची पावलं. बसवेश, म्हणजे तिचा बाप, आंघोळीला गेला की दाराबाहेरून येणारं, "पप्पा, आहात ना?" भिजलेली चादर गुपचूप पाण्यात टाकण्याचा आवाज. शाळेत घंटेचा टोल पडला आणि तिने शेजारच्या मुलीला ढकलून दिलं, तेव्हा बाईंनी बसवेशला बोलावून घेतलं. तो स्वतः शाळेत क्लार्क. दुसऱ्यांच्या मुलांचे दाखले लिहिणाऱ्या त्या माणसाला स्वतःच्या मुलीपुढे शब्द सुचत नव्हते. बाईंच्या सांगण्यावरून तो तिला मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

परत आल्यावर त्याने आपल्या आईला, काशम्माला सांगितलं, "त्या तिच्याशी बोलणार हायत, चित्रं काढून घेणार हायत. आन् काही दिवस एक बारकी गोळी द्यायचीय. कशाची ते तिला सांगूनच द्या म्हणल्या."

"सांगून?" काशम्माचा आवाज चढला. "उद्या शाळंत बोलंल. मुक्ताबाईच्या कानावर गेलं की येड्याची गोळी म्हणून गल्लीभर करतील. पोरीचं पुढं लगीन व्हायचंय का न्हाय?"

बसवेशने गोळ्यांचं पाकीट तिच्या हातात ठेवलं. गप्प बसण्यात त्या घराचा हातखंडा होता.

आणि मला पोत्यातून बाहेर काढलं! मी हरखलो, पण शेंगदाण्यांचा पत्ता नव्हता. काशम्माने माझ्याखाली चादरीची घडी घातली, माझ्यात एक पांढरी गोळी टाकली आणि बत्ता न आपटता दाबून फिरवला. ती भुकटी तिने मिक्सरच्या चटणीत कालवली, वर दही घातलं आणि भाकरीबरोबर रुद्राणीच्या ताटात वाढली. रोज हेच. आयुष्यभर माझा आवाज घरभर गेला होता आणि आता माझ्याकडून चोरीचं काम करून घेतलं जात होतं.

चटणी कडू लागते, हे कळायला रुद्राणीला वेळ लागला नाही. एके सकाळी ती दाराआड उभी राहिली. तिने गोळी पाहिली, भुकटी पाहिली, ती कुठे जाते तेही पाहिलं. त्या दिवसापासून तिने घरचं खाणं सोडलं. बिस्किटाचा पुडा स्वतः फोडेल तेवढंच खायची, पाणी स्वतः नळाखाली ओंजळ धरून प्यायची. गाल बसले. बसवेश तिच्यामागे ताट घेऊन फिरायचा आणि ती खोलीतून खोलीत पळायची. घरात कुणालाच चैन नव्हती, मग मला कुठली असणार?

शेवटी काशम्माने तिला जवळ ओढलं. "असं का करायलीस गं? अज्जीच्या हातचं का खाईनास?"

रुद्राणीने माझ्याकडे बोट दाखवलं. "अज्जी, मलाबी आईकडं पाठवायलीस का?"

काशम्माने बसवेशला हाक मारली. लेकराला ती भुकटी विष वाटली होती. आई देवाकडं गेली आणि आता आपली पाळी, असं समजून ती इतके दिवस एकटी स्वतःचा जीव वाचवत फिरत होती. आणि आम्ही सगळे तिला शहाणी म्हणत होतो.

बसवेश धावत आला आणि लेकीसमोर फरशीवर बसला. तो अडखळत बोलला, पण बोलला. आई ट्रॉलीच्या धडकेनं मेली. तुला ते दिसलं, ऐकू आलं. त्याची भीती तुझ्या अंगात राहिली, म्हणून झोप लागत नाही. तुझी काहीच चूक नाही. ही गोळी ती भीती थोडी कमी करते, बाकीचं बोलून कमी करायचं.

रुद्राणीने सगळं ऐकून घेतलं. मग तिने अज्जीच्या रोजच्या गोळीच्या पाकिटाकडे पाहिलं. "ती कशाची?"

"बीपीची," काशम्मा म्हणाली.

"आन् माजी?"

त्या घरात बीपीची गोळी होती, गुडघ्याची होती, पित्ताची होती. हिच्या गोळीला नावच नव्हतं, म्हणून ती कुटावी लागत होती. काशम्माने पदराने तोंड पुसलं. "भीतीची," ती म्हणाली. "तुजी भीतीची गोळी."

"मग कुटू नको. मला सांगून दे."

पोरीने अख्खी गोळी हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि पाण्याबरोबर गिळली. त्या दिवशी तिने अर्धी भाकरी खाल्ली.

सगळं एका दिवसात सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. अजूनही ट्रॅक्टर गेला की ती कान झाकते. पण डॉक्टरीणबाईंच्या सल्ल्याने ती माझ्याजवळ थोडी थोडी सरकू लागली. आधी नुसता हात लावला, मग कापडावरून बत्ता टेकवला. आणि एका रविवारी तिने मूठभर शेंगदाणे माझ्यात ओतले आणि बत्ता उचलला. ठण्ण! ती दचकली. पुन्हा उचलला. ठण्ण! मारता मारता तिच्या तोंडून शब्द फुटला, "आई." मग ती इतकी मोठ्याने रडली की मुक्ताबाई धावत आल्या. काशम्माच्या ओठांवर 'शहाणी' हा जुना शब्द आला होता, तो तिने गिळला. "रड की, रुद्रव्वा," ती म्हणाली आणि स्वतःही रडू लागली.

मुक्ताबाईंची नजर ओट्यावरच्या पाकिटांवर गेली. "ही कशाची गं गोळी?"

काशम्मा कावरीबावरी झाली. रुद्राणीने नाक पुसलं. "ती अज्जीची बीपीची. ही माजी भीतीची. तुमी कशाची घेता?"

मुक्ताबाईंनी मागे वळून दार लोटलं. मग हळूच म्हणाल्या, "झोपंची. घरात कुणाला ठावं न्हाय." आणि त्या तिथेच काशम्माशेजारी टेकल्या.

मित्रांनो, चटणी त्या दिवशी ओबडधोबडच झाली, तेल काही सुटलं नाही. तरी तिघींनी ती चाटून पुसून खाल्ली. तुमच्या मनात भीती बसली असेल, तर घरच्यांना सांगा. आणि मोठ्यांनो, लेकराला काय दुखतंय ते त्याच्याशी बोला, औषध द्याल ते त्याचं नाव सांगून द्या. माझ्याकडे यायचं तर शेंगदाणे घेऊन या. गोळ्या कुटायला मी पुन्हा तयार होणार नाही.