मक्याचा प्रश्न

त्यात मक्याचे दाणे दिसतात का — हा प्रश्न मधल्या सुट्टीपासून स्वानंदीच्या जिभेवर होता, आणि आता ती काच प्रत्यक्ष समोर होती. पोट धुण्याच्या मशीनच्या दर्शनी भागात आडवी बसवलेली नळी, अंगठ्याएवढी जाड, मागे पांढरा दिवा, फिशटँकसारखी... मासे नसलेली. पोटात सोडलेलं कोमट पाणी परत येताना ह्या काचेच्या नळीतूनच जातं आणि बरोबर जे काय आणायचं ते आणतं, असं आईनं सांगितलं होतं. आत्ता मात्र ती इतकी लख्ख होती की तीत स्वानंदीला स्वतःचं नाक दिसलं, लांबुडकं, एखाद्या शिष्ट उंटासारखं.

पैज वेदिकाची. आई काय शिकते हे वर्गात फक्त वेदिकालाच सांगितलेलं. ती आधी शी म्हणाली, मग मधली सुट्टी संपेपर्यंत तिनं दुसरा विषय काढू दिला नाही — शी म्हणणारी माणसंच सगळ्यात जास्त चौकशी करतात, हा माझा, स्वानंदीचा, शोध — आणि शेवटी म्हणाली, "आईला मक्याचं विचारून दाखव, मानलं तुला." आणि मी? मी, जिच्याबद्दल प्रत्येक पालकसभेत "बोलते फार" एवढंच ऐकायला मिळतं, ती मी शाळा सुटल्यावर थेट इथे गंगापूर रोडच्या दवाखान्यात आले आणि तासभर गप्प होते.

"स्वानू, पडद्याबाहेर बस. पेशंट आल्यात."

आईचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. आज तिची परीक्षा. शिकवणाऱ्या राखी मॅडम कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसणार, बघणार, एका शब्दाची मदत करणार नाहीत. नीट झालं तर सोमवारपासून आईला इथेच काम. नाही झालं तर... बाबा सकाळी सोवळं नेसता नेसता अगदी शांतपणे म्हणाले होते, "आज जमलं तर ठीक, नाहीतर आता थांबव." बाबा रामकुंडावर विधी सांगतात. घरात आईच्या ह्या कामाला नाव नाही. 'क्लास' म्हणतात. योगाचा क्लास. उद्या सिन्नरला आत्याच्या रुद्रची मुंज, तिथे सगळे विचारणार, उज्वला हल्ली काय करते, आणि उत्तर घरातल्या तिघांनाही पाठ आहे.

पडद्यामागे टेबल करकरलं.

"नाय बाई, मला जाऊ द्या." पेशंट लंकाबाई, सायखेड्याच्या, डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन पाठवलेल्या. "नळी गेली तवर गेली. आता पानी नको. लय लाज वाटती."

"लंकाबाई, अंग सैल सोडा."

"सोडलंय की."

"पोट अजून घट्ट आहे. सैल सोडा... सैल."

सैल म्हटलं की माणूस आवळतोच. शाळेत इंजेक्शनच्या वेळी माझा दंड असाच दगड झाला होता. आईकडचे शब्द संपत चालले होते, हे स्वानंदीला पडद्याबाहेरही कळत होतं, आणि राखी मॅडमच्या खुर्चीचा आवाज येत नव्हता — आणि तिला एकदम ती संध्याकाळ आठवली, शिकायला लागल्यावरच्या पहिल्याच आठवड्यातली, आई ओट्याशी उभी, हळूच सांगत होती, आज मी टेबलावर होते गं. ज्यानं पाणी द्यायचं त्यानं आधी घ्यायचं, असा मॅडमचा नियम आहे. कसं वाटलं, विचारल्यावर बराच वेळ कोथिंबीर निवडत राहिली, मग म्हणाली, वाटत होतं, कुणीतरी बोलत राहावं... काहीही बोलावं, पण गप्प बसू नये.

"झालं, उठते मी," लंकाबाई म्हणाल्या.

"आई," पडद्याकडे तोंड करून स्वानंदी म्हणाली, आणि आपण बोललो हे तिला बोलून झाल्यावरच कळलं, "त्या काचेत मक्याचे दाणे दिसतात का?"

मला माझं नाव बदलून लांब डोंगरात सुरगाण्याला राहायला जावंसं वाटलं.

"कोन हे ती?"

"माझी मुलगी," आई कशीबशी म्हणाली.

"आगं पोरी..." आणि लंकाबाई हसायला लागल्या, आधी नाकातून, मग टेबल हलेपर्यंत. "रातच्याला चार कनसं भाजली आमच्या पोरानं, नाथानी. दोन म्याच खाल्ली. दिसंल गं बाई, आज समदं दिसंल तुमाला."

"हसत राहा," आईचा आवाज एकदम खाली, भरदार आला. "पोट मऊ झालंय. पाणी सोडते हं. कोणत्या शेतातली कणसं, घरची?"

"घरची. बोल की गं पोरी, गप का झाली?"

मग स्वानंदी बोलली. वेदिकाची पैज, उंटासारखं नाक, पालकसभा... बोलते फार, ते सगळं. मधूनमधून पाण्याची खळखळ ऐकू येत होती आणि तिला आठवत होतं, रामकुंडावर अस्थी हातात घेऊन थिजलेल्या माणसाला बाबा मंत्राआधी विचारतात, गाव कोणतं तुमचं, पाऊसपाणी कसं आहे — आणि मग त्याची मूठ सुटते.

जाताना लंकाबाईंनी तिचा गालगुच्चा घेतला. राखी मॅडम हात धूत आईला म्हणाल्या, "सोमवारी नऊला या." आणि स्वानंदीला, "दिसतात. मकाच सगळ्यात आधी दिसतो."

रात्री जेवताना बाबांनी ताटाकडे बघत विचारलं, "झालं का ते?"

"झालं," आई म्हणाली.

"बरं." त्यांनी आमटी वाढून घेतली, आईच्याही वाटीत वाढली, आणि जरा थांबून म्हणाले, "उद्याचं लक्षात आहे ना? योगाचा क्लास."

आईची बोटं भातात थांबली. मग मी दुपारी पडद्याबाहेर बोलले होते तशीच बोलले, फक्त ह्या वेळी शब्द तोंडातून सुटायच्या आधी माझे मला ठाऊक होते.

"बाबा, आई, मी ठरवलंय. उद्या मुंजीत मला कुणी विचारलं, तर मी योगाचा क्लास म्हणणार नाही. आई काय करते ते सांगणार. नीट, पहिल्यापासून, मक्यासकट."