पैलवानाचं रक्त

लॉन्ड्रीत गरम इस्त्री पायावर पडली तेव्हा थोरल्या भावाला कळलंच नाही. जळका वास आला म्हणून त्याने टेबलावरचा शर्ट उचलून पाहिला. शर्ट धड होता, करपला होता तो पाय. साखरेने पायातली जाणीव कधीच खाऊन टाकली होती. पुढे बोटं काळी पडली आणि सर्जन म्हणाला, पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, तोही लवकर, नाहीतर विष अंगभर पसरेल. पण आधी बाहेरच्या लॅबमधून रक्त तपासून आणा, हृदय भूल सोसेल का ते बघू.

हे ऐकून त्याची बायको हादरली. जिना चढताना नवऱ्याला लागणारी धाप ती कधीपासून ऐकत होती. हृदय नापास झालं तर ऑपरेशन नाही, आणि ऑपरेशन नाही तर माणूस नाही, एवढं तिला कळत होतं. सर्जनला नीट विचारायचं सोडून तिने धाकट्या दिराला गाठलं. भीतीने माणसाची अक्कल अशीच चरायला जाते.

दिराला सगळी लॉन्ड्री पैलवान म्हणायची. ओल्या चादरींची गाठोडी दोन्ही खांद्यांवर टाकून तो गच्चीपर्यंत चढायचा आणि वर पोचून शिट्टी वाजवायचा. साखर त्यालाही होती, बापाने दोघा भावांना ठेवलेली तेवढीच इस्टेट. गोळी आठवली तर घ्यायची, नाहीतर देवावर हवाला.

"भाऊजी, ह्यांच्या नावाने तुमचं रक्त द्याल का?"

"रक्तच ना? दादासाठी बादलीभर देतो," तो हसला. "पण पकडलो गेलो तर तुमचंच नाव घेईन हं, वहिनी."

त्याने लॅबमध्ये दादाची चिठ्ठी दाखवली, दादाचं नाव सांगितलं, रक्त दिलं आणि येऊन पुन्हा चादरी पिळायला लागला.

दुसऱ्या दिवशी ती आणि पैलवान रिपोर्ट घेऊन सर्जनकडे गेले. सर्जनने तो वाचला आणि चष्मा काढला.

"ऑपरेशन थांबवावं लागेल. ट्रोपोनिन फार वाढलंय. हृदयाच्या स्नायूला मार बसल्याशिवाय ते रक्तात एवढं येत नाही."

"पण छातीत कधी दुखलं नाही," ती कशीबशी म्हणाली.

"पायाला चटका तरी कुठे कळला? साखरेच्या माणसाचं हृदयही कधीकधी असंच मुकाट्याने मार खातं."

"लॅबवाल्यांनी घोळ घातला असेल," पैलवान म्हणाला.

घोळ कोणी घातला ते तिला ठाऊक होतं. गप्प बसावं तर नवरा हातचा जाणार, बोलावं तर तोंड काळं होणार. ती बोलली.

सर्जनचा पारा चढला. "रिपोर्ट चांगला आला असता तर मी डोळे झाकून पुढे गेलो असतो! नवऱ्याला माझ्या टेबलावर मारायला निघाला होतात तुम्ही!" मग त्याने पैलवानाकडे पाहिलं आणि त्याचा आवाज खाली आला. "तुम्ही आता एक पाऊलही चालायचं नाही."

व्हीलचेअर आली. पैलवान तीत बसला, तेव्हा दोन्ही बाजूंना त्याचे खांदे बाहेर आले.

खऱ्या रुग्णाच्या रक्ताचा निकाल संध्याकाळी लागला. हृदय थोडं थकलेलं होतं, पण भूल सोसणार होतं. धाप अंगात रक्त कमी असल्याची होती. पाय दुसऱ्या दिवशी सकाळी काढायचं ठरलं.

ती धावतच पैलवानाच्या खाटेपाशी आली. त्याच्या छातीला वायरी चिकटवल्या होत्या. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावर हसू मावत नव्हतं.

"सोसेल म्हणाले! ह्यांचं हृदय ठीक आहे, भाऊजी! तो आकडा ह्यांचा नव्हताच, तो..."

 त्या क्षणी तिला खरंच आनंद झाला होता, आकडा पैलवानाचा निघाला म्हणून. तो आनंद लपवायलाही तिला सुचलं नव्हतं.

पैलवानाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"वहिनी," तो नेहमीसारखाच हसत म्हणाला, "निदान माझ्यासमोर तरी एवढ्या खूश होऊ नका हो."