बाईसाहेबांचं म्हणणं

"बाईसाहेब विचारतायत, आज एवढा उशीर का झाला?"

दार उघडून सासरे बाजूला झाले आणि हे वाक्य त्यांनी तिच्याकडे न बघता, पायाशी बसलेल्या मांजराकडे बघत टाकलं. ती दाराच्या चौकटीला धरून चपला काढत होती. पाय सुजले होते, पट्ट्यांचे वळ उठले होते.

"मोठं मशीन बंद पडलं," तीही मांजरालाच म्हणाली. "सगळ्या चादरी हातानं पिळाव्या लागल्या."

"ऐकलंत का बाईसाहेब? हातानं." सासऱ्यांनी जीभ चुकचुकवली. "चहा टाकू का म्हणावं?"

"टाका म्हणावं."

या घरात माणसं दोन आणि त्यांचं बोलणं चालायचं ते असं, तिसऱ्याच्या मार्फत. ती इस्पितळाच्या लाँड्रीत होती. दिवसभर डागाळलेल्या चादरी, गाऊन, उशांचे अभ्रे. दिवसभर मशीनची घरघर. घरी आली तरी ती घरघर बराच वेळ कानातून जात नसे. त्यामुळे घरात कुणी फार बोलत नाही, हे तिच्या पथ्यावरच पडत होतं.

पण हे असं बोलणं सुरू झालं ते दमणुकीमुळे नव्हे. तिचा नवरा दुसऱ्या शहरात नोकरीला गेला, आणि वर्षभरात त्यानं तिथेच दुसरा संसार मांडला. ही बातमी त्यानं फोन करून दिली ती बापाला. बायकोला सांगायचं कामसुद्धा बापाच्याच गळ्यात मारलं. सासऱ्यांनी दोन दिवस तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी ती भांडी घासत असताना ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसले, मांजर मांडीवर घेतलं आणि मांजराच्या कानात सांगावं तसं म्हणाले, "बाईसाहेब, तो आता यायचा नाही हो." तिनं नळ बंद केला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू केला. त्या दिवसापासून अवघड काय, सोपं काय, सगळं बाईसाहेबांना सांगितलं जाऊ लागलं.

माहेरी जावं असं तेव्हा मनात आलं नव्हतं असं नाही. पण आधी सासरे तापानं पडले, मग लाँड्रीत एक बाई काम सोडून गेली, मग पावसात छत गळलं. जायचं राहून गेलं आणि बघता बघता चार वर्षं उलटली.

सासरे लिफ्ट दुरुस्त करणारे. उभा जन्म त्यांनी इमारतींच्या पोटात, ग्रीसनं माखून काढला होता. लिफ्ट नुसती वरखाली जाताना ऐकायची आणि दोर सैल झालाय की बेअरिंग गेलंय ते सांगायचं, याचा त्यांना कोण अभिमान! निवृत्त झाल्यावर ऐकायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी कान मांजराकडे वळवला.

"हे आखूड म्यांव म्हणजे नुसती हजेरी," ते सांगायचे. "आलीस का, एवढंच. लांबवलं की भूक. शेवटी वर चढवलं की दार उघडा. आणि ते खिडकीत कबुतर बघून दात कटकटवतात ना, ती शिवी. मी तोंडानं सांगत नाही, घरात बाईमाणूस आहे."

ती हसायची. दिवसभरातलं तेवढंच हसू.

"आणि घुरघुर?" तिनं एकदा विचारलं होतं.

"घुरघुर म्हणजे काय? मशीन नीट चाललंय. तेलपाणी झालंय, कसली तक्रार नाही."

नवऱ्याचा अधूनमधून फोन यायचा तेव्हा सासरे भिंतीकडे तोंड करून बोलायचे. "मी? मजेत. हो, सगळं मजेत." फोन ठेवून मग बराच वेळ गुडघे चोळत बसायचे. गुडघे पार गेले होते. जिना उतरताना त्यांच्या तोंडून निघणारा आवाज तिला वर घरात ऐकू यायचा. त्याबद्दल मात्र बाईसाहेबही कधी काही म्हणाल्या नव्हत्या.

पंधरा दिवसांपूर्वी तिच्या भावाचा फोन आला होता. त्याच्या गावातल्या एका दवाखान्यात कपड्यांच्या कोठीवर बाई हवी होती. बसून काम. राहायला भावाचीच मागची खोली. "किती दिवस दुसऱ्याच्या बापाचं करणार तू?" भाऊ म्हणाला. "हाडं झिजवून घेतलीस. ये निघून." ती बघते म्हणाली. पण या खेपेला तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं, की जिन्यावर बसून तिला रडू आलं. सासऱ्यांना सांगायचं तेवढं राहिलं होतं. रोज कामावरून येताना ती वाक्य जुळवायची आणि दार उघडलं की बाईसाहेब विचारायच्या, आज उशीर का झाला.

त्याच दिवसांत बाईसाहेब पलंगाखाली जाऊन बसायला लागल्या.

"थंडावा शोधतायत," सासरे म्हणाले.

बशीतले मासे तसेच राहायला लागले.

"लाडावल्यात. तोंडाला चव हवीय रोज नवी."

पण घुरघुर मात्र चालू होती. पूर्वी कुणी पाठीवरून हात फिरवला की व्हायची, ती आता आपली आपणच, पलंगाखालून, तासन्‌तास. सासरे पलंगावर पडून ऐकायचे. "बघ, कशा सुखात आहेत," ते म्हणायचे. तिलाही ते खरं मानायचं होतं. पलंगाखाली वाकून बघायचं म्हणजे कमरेत त्राण हवं होतं.

सुट्टीच्या दिवशी झाडू मारताना ती खाली बसली, तेव्हा तिनं बघितलं. चारही पाय पोटाखाली घट्ट ओढून, डोळे अर्धवट मिटून मांजर बसलं होतं. हनुवटी लाळेनं भिजली होती आणि सगळं अंग घुरघुरीनं थरथरत होतं. तिनं हात लावला तरी त्यानं मान वळवली नाही. तिनं ओढून बाहेर घेतलं. धुऊन वाळलेला टॉवेल उचलावा तसं हातात आलं.

"बाबा, ही घुरघुर बरी नाही."

ती सरळ त्यांच्याशी बोलली होती. दोघांच्याही ते लक्षात आलं.

"तुला काय कळतंय?" सासरे तडकले. "मी जन्मभर आवाज ऐकलेत. घुरघुरतंय म्हणजे—"

"हात लावून बघा."

त्यांनी हात लावला. बरगड्यांवर बोटं थांबली. मग त्यांनी भिंतीवरचा शर्ट काढला आणि बटणं लावता लावता ती चुकीच्या काजात लावली.

कपड्यांच्या टोपलीत जुनी चादर घालून तिनं मांजर ठेवलं. जनावरांचा दवाखाना दोन चौक पलीकडे होता. सासरे वाटेत तीनदा थांबले. टोपली मी घेतो म्हणाले, पण तिनं दिली नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पोट चाचपलं, हिरड्या बघितल्या, रक्त घेतलं. मूत्रपिंडं निकामी झाली होती. "बरेच दिवस दुखत असणार," त्या म्हणाल्या.

"पण घुरघुरत होती हो," सासरे म्हणाले. "आत्तासुद्धा घुरघुरतेय. ऐका तुम्ही."

"मांजरं दुखत असलं तरी घुरघुरतात, आजोबा. पिल्लं होताना, कुठे मोडलंबिडलं की, अगदी शेवटीही. स्वतःलाच थोपटतात म्हणा ना." त्यांनी हातमोजे काढले. "आता सलाईन लावून चार दिवस ओढता येतील, पण हालच होतील. इंजेक्शन देऊन शांत करता येईल. तुम्ही ठरवा. बाहेर बसा पाहिजे तर."

बाहेर बाकड्यावर दोघं बसली. शेजारी एक बाई कुत्र्याला छातीशी धरून बसली होती. सासरे आपल्या तळव्यांकडे बघत होते.

"रोज ऐकत होतो," ते म्हणाले. "रोज म्हणायचो, खूश आहे."

"मीही ऐकत होते, बाबा. वाकून बघितलं नाही."

"तू दमतेस."

मांजर आत होतं, टोपली रिकामी पायाशी होती. मध्ये कुणी नव्हतं.

"तू भावाकडे जा," सासरे म्हणाले.

तिनं चमकून वर बघितलं.

"बाईसाहेबांनी नाही सांगितलं," ते कसनुसं हसले. "मागच्या आठवड्यात त्यानं घरच्या फोनवर केला, तू कामावर होतीस. चांगला बोलला. मी म्हटलं, सांगेल ती आपण होऊन. रोज वाटायचं, आज सांगशील."

"तुमचं कसं होईल?"

"मी मज—" ते अडखळले. गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी ते वाक्य सोडून दिलं. "होईल थोडं वाईट," ते म्हणाले. "जेवणाचे हाल होतील. जिना जड जातो. संध्याकाळी करमणार नाही. पण ते मी बघेन, आणि तू जा. इथे राहिलीस तर अशीच झिजशील, आणि मी आपला म्हणत राहीन, सगळं बरं चाललंय."

तिला रडू आवरेना. सासऱ्यांनी कधी तिच्या डोक्यावर हात ठेवला नव्हता, तो आताही ठेवला नाही. फक्त बाकड्यावर ते थोडे जवळ सरकले.

मग आत जाऊन त्यांनी डॉक्टरीणबाईंना शांत करा म्हणून सांगितलं. सुई टोचताना तिनं मांजराचं डोकं धरलं होतं, सासऱ्यांनी पाय. घुरघुर हळूहळू बारीक होत गेली. कुठल्या क्षणी थांबली ते दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

इमारतीच्या मागे, कुंपणाच्या भिंतीला लागून थोडी मोकळी जमीन होती. वॉचमनकडून फावडं आणून ती खणू लागली. माती कडक होती, मध्ये विटांचे तुकडे लागत होते. सासऱ्यांच्यानं वाकवत नव्हतं. तिची पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून ते उन्हात ताठ उभे होते. अंगात तोच तिरक्या बटणांचा शर्ट. चादरीत गुंडाळलेलं मांजर तिनं आत ठेवलं, माती ओढली, वर विटांचे तुकडे दाबले. घाम डोळ्यांत उतरत होता आणि हात मातीनं भरले होते. ती तिथेच खाली बसली.

पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून एका बाईनं डोकं बाहेर काढलं. "काय झालं हो, आजोबा?"

सासऱ्यांनी मान वर केली. "आमची मांजर गेली," ते मोठ्यानं म्हणाले. "आणि सून गावाला जाणारेय, भावाकडे. कायमची. फार दमलीय ती. जरा पाणी द्याल का तिला?"

बाई बाटली घेऊन खाली आली. तिच्या हातातून ती सासऱ्यांनीच घेतली, पर्स काखेत मारली आणि झाकण काढलं. सुनेचे मळलेले हात बघून, हुं की चूं न करता, त्यांनी गुडघे कसेबसे वाकवले आणि बाटली तिच्या ओठांना लावली. ती डोळे मिटून पाणी प्यायली. ते दुसरीकडे, भिंतीकडे बघत राहिले, आणि पाणी सांडू नये म्हणून बाटलीखाली दुसरा हात धरून होते.