साडूंकडची पिन

आजीबाई दुकानात शिरल्या तेव्हा चष्मेवाले समोरच्या अक्षरांच्या तक्त्यावर पिस्तूल रोखून उभे होते. आजीबाईंनी एकवार पिस्तुलाकडे पाहिलं, एकवार तक्त्याकडे, आणि कुणी न विचारता तळाच्या ओळीपर्यंत सगळी अक्षरं घडाघडा वाचून दाखवली. चष्म्याशिवाय.

"घाबरू नका, रिकामं आहे," चष्मेवाले ओशाळून म्हणाले. "रविवारी स्पर्धा आहे, म्हणून सराव चाललाय."

आजीबाईंचा विश्वास बसेना. तेव्हा चष्मेवाल्यांनी सरावासाठी घातलेलं प्लॅस्टिकचं खोटं काडतूस काढून त्यांच्यापुढे धरलं आणि पुरती खात्री पटावी म्हणून भिंतीकडे वळून चाप ओढला. आवाज जरा वेगळाच आला. आपले डोळे ठणठणीत असल्याचं सांगून आजीबाई निघून गेल्या. चष्मेवाले मात्र जागीच उभे राहिले. आपण काय केलं ते त्यांना त्या आवाजावरूनच कळलं होतं.

या जातीच्या लहान काडतुसात पेट घेणारा मसाला मधोमध नसतो, बुडाच्या कडेत असतो. म्हणून पिस्तुलातली पिनही कडेवरच आपटते. काडतूस असलं तर मार ते खातं. नसलं तर पिन थेट नळीच्या पोलादावर जाते. खोटं काडतूस त्याचसाठी असतं. नेमबाजीच्या क्लबात नव्याने येणाऱ्यांना हे चष्मेवालेच बजावून सांगत. आता त्यांनी पिस्तूल उघडून उलटं केलं, तर पिनचं टोक मिठाच्या खड्यासारखं टेबलावर पडलं.

पिस्तूल बनवणारी कंपनी कधीच बंद झाली होती. लेथवाल्याने पिस्तुलाचं नाव ऐकताच हात जोडले. शहरात तसलं दुसरं पिस्तूल एकच होतं, आणि ते साडूंकडे होतं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. साडू दातांचे डॉक्टर. क्लबच्या स्पर्धेत दरवर्षी डॉक्टर पहिले आणि चष्मेवाले दुसरे. दुसऱ्या नंबरच्या कपावर चिटणीस साडूभाऊंचं नाव आधीच कोरून ठेवतो, हा विनोद डॉक्टर प्रत्येक जेवणाला नव्याने सांगत आणि स्वतःच हसत.

यंदा मात्र चष्मेवाल्यांचा हात बसला होता. शिवाय घाई होती. त्यांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग धरू लागला होता. त्याला चष्मा नाही, हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. पुढच्या वर्षी निशाणाचा काळा गोल दिसेल, पण त्याचा मध्य दिसणार नाही. हे त्यांनी फक्त बायकोला सांगितलं होतं, आणि कुणाला न सांगण्याची तिच्याकडून शपथ घेतली होती.

"करा फोन," बायको म्हणाली. "पिन मागायचीय, मूत्रपिंड नाही."

चष्मेवाल्यांना मूत्रपिंड मागणं सोपं वाटलं असतं. तरी ते गेले.

डॉक्टरांकडे जादा पिन होती. पण आलाच आहात तर खुर्चीत बसा, म्हणाले. चष्मेवाल्यांना आडवं करून, तोंडात आरसा आणि नळी घालून त्यांनी रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढण्याचे तोटे समजावून दिले. मध्येमध्ये 'पटतंय ना?' असंही विचारलं. चष्मेवाल्यांनी घशातून जो आवाज काढला तो होकार समजण्यात आला.

"माझ्या पिनेला इतक्या वर्षांत काही झालं नाही," डॉक्टर शेवटी म्हणाले. "वस्तू जपावी लागते, साडूभाऊ. दातांसारखी."

रविवारी चष्मेवाले पहिल्या तुकडीत होते. त्यांना काय झालं होतं कोण जाणे, गोळी जिथे बघतील तिथे जात होती. पंचांनी गुण वाचले तेव्हा चिटणीसाने पुन्हा वाचायला लावले. क्लबात इतके गुण आजवर फक्त डॉक्टरांचे झाले होते. बायकोने पर्समधून रुमाल काढला.

दुसऱ्या तुकडीत डॉक्टर उभे राहिले. सुरुवातीच्या चाचणीच्या गोळ्या झाडताना त्यांच्या पिस्तुलाने नुसतंच टक् केलं. काडतूस बदललं, तरी टक्. पिस्तूल उघडलं तर पिनचं टोक गेलेलं. जादा पिन आता त्यांच्याकडे नव्हती. पंचांनी दुरुस्तीला थोडा वेळ दिला. डॉक्टर कुणाकडेही न बघता पिस्तुलात फुंकर मारत बसले.

चष्मेवाल्यांनी पिस्तूलच दिलं असतं, पण त्याची मूठ त्यांच्या हाताच्या बेताने घासलेली. डॉक्टरांचा पंजा तिच्यात मावला नसता. म्हणून चष्मेवाल्यांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला.

बायकोने बाही धरली. "अहो, कुणी मागितलंय का?"

"त्यांचीच आहे," चष्मेवाले म्हणाले आणि पिन काढायला लागले.

डॉक्टरांनी पिन घेतली, बसवली, आभारबिभार काही मानले नाहीत. चष्मेवाले मागच्या बाकावर पोकळ झालेलं पिस्तूल मांडीवर घेऊन बसले. पुढे एकसारख्या अंतराने बार होत होते. घाई नाही, अडखळणं नाही. हा आवाज त्यांच्या चांगल्याच ओळखीचा होता. दरवर्षी त्यांचा दुसरा नंबर असाच वाजत आला होता.

पण पंचांनी वाचून दाखवलं ते भलतंच निघालं. डॉक्टर दुसरे. टाळ्या पडल्या, चिटणीसाने चष्मेवाल्यांच्या पाठीवर थाप मारली आणि कप कुठे ठेवलाय ते शोधायला धावला.

"हात थरथरला हो," डॉक्टर येऊन म्हणाले. "वय झालं."

त्यांच्या हातातला निशाणाचा कागद चष्मेवाल्यांनी घेतला आणि डाव्या डोळ्याजवळ धरला. हात थरथरला की भोकं चहूकडे पांगतात. इथे सगळी भोकं मध्यापासून दूर, डावीकडे खाली, एकमेकांना खेटून बसली होती. एका नाण्याखाली झाकली गेली असती.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. तिची बहीण छताचे पंखे निरखत होती.

"होतं असं," चष्मेवाले म्हणाले. "माझाही थरथरतो कधीकधी."

भोकं आत राहतील अशी त्यांनी कागदाची घडी घातली आणि ती डॉक्टरांच्या वरच्या खिशात नीट सरकवली. मग नाव पुकारलं गेलं, तसे ते कप घ्यायला गेले.