हिरवं बटण

"ताई, मोबाइल वाजतो, पण हिरवा बटन लागतच नाय. त्याचा फोन आला का मी नुसती बघत बसते."

सुपरवायझर निलमताईंनी शुक्रीचा मोबाइल उघडून भिंगाखाली धरला. तलासरीजवळच्या त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात शुक्री पाच वर्षं चांदीच्या गोंदाचे ठिपके देत होती. सोल्डरच्या आचेने जळतील असे नाजूक भाग या गोंदाने चिकटतात आणि वाळल्यावर त्यातून वीजही जाते.

"बटणाखालची वीज नेणारी रेघ तुटलीय. टाकायला काढलेला गोंद आहे, तो ने. पण चोवीस तास हात लावायचा नाही."

"ते मला सांगता?" शुक्री हसली. ओल्या ठिपक्याला बोट लावलं म्हणून नव्या पोरींना झापणारी तीच.

तिचा नवरा लडक्या गणपतीनंतर गुजरातेत वेरावळच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. बोट बंदराला लागली की तांडेलच्या, म्हणजे बोटीच्या म्होरक्याच्या, मोबाइलवरून घरी एक फोन. मागचे दोन हुकले. शेजारच्या रखमीच्या फोनवरून उलट लावेपर्यंत बोट सुटलेली. होळीला येतोस का, एवढंच तिला विचारायचं होतं. खरं तर ये, एवढंच सांगायचं होतं.

शनिवारी संध्याकाळी तिने ठिपका दिला आणि मोबाइल उघडाच फळीवर ठेवला. बॅटरी काढायला हवी होती, पण फोन बंद करणं तिच्या जिवावर आलं. रविवारी रखमीसकट सगळा पाडा कैनाडला लग्नाला गेला. शुक्री फोनपाशी थांबली.

भर दुपारी तो वाजला.

ठिपका अगदी खडखडीत दिसत होता. तिचं बोट तिथवर गेलं. वरून सुकलेला दिसतो तेव्हाच पोरी फसतात, हे तिचंच वाक्य. आत्ता दाबलं तर जोड निखळणार, आणि पुन्हा ठिपका द्यायला गोंदही उरला नव्हता. तिने हात मागे घेतला.

"थांब ना रं, जरासा थांब," ती फोनला म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. फोन वाजून वाजून गप्प झाला.

संध्याकाळी चोवीस तास भरले. झाकण बसवून तिने दुपारच्या नंबरवर हिरवं बटण दाबलं. पहिल्याच दाबात लागलं. पलीकडे एक बाई गुजरातीत सांगत होती, संपर्क होऊ शकत नाही. बोट पुन्हा दर्यात गेली होती.

शुक्रीने पुन्हा दाबलं. मग आणखी एकदा. बटण दर वेळी नीट लागत होतं.